पाटीवरची अक्षरे आणि वहीतला हिशेब

३५ वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे हाताळल्यावर माणसाला एक खोड लागते. समोरच्याने नव्या धंद्याची गोष्ट काढली की त्याच्या चेहऱ्यावरचा उत्साह दिसण्याआधी डोळ्यांपुढे परतफेडीचा तक्ता उभा राहतो. निवृत्तीनंतर ही खोड आपोआप सुटेल, असे मला वाटले होते. ती सुटलेली नाही, हे २०२३ च्या दिवाळीत माझ्याच घरातल्या माणसांनी मला दाखवून दिले.

पाडव्याच्या दिवशी पुतण्या नमस्काराला आला आणि जाता जाता म्हणाला, "काका, पाट्यांचा धंदा काढतोय. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायचं मशीन घ्यायचंय. आईची ठेव मोडू म्हणते ती." आमच्या थोरल्या बंधूंचे नवी पेठेत कापडाचे दुकान होते. त्यांच्या पश्चात ते चालवणे जमले नाही. पुतण्याने दोन वर्षे एका फ्लेक्सच्या दुकानात नोकरी केली होती आणि काम शिकला होता. वहिनींच्या नावावर पाच लाखांची मुदत ठेव होती. बंधूंच्या मागे राहिलेली तेवढीच रोकड. हा पैसा एका यंत्रात घालायचा, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला.

पुतण्याचे म्हणणे मात्र निराधार नव्हते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठीत देवनागरी लिपीतील नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असेही त्यात आले. मुंबईतील व्यापाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून ती चर्चा आपल्याकडच्या बाजारातही सुरू झाली होती. आपले सोलापूर तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच रस्त्यावर बोलणारे गाव. पाटी हा येथे नेहमीच विचार करून लावण्याचा विषय राहिला आहे.

तरीही मी नकाराचा सूर लावला. "कायद्यानं आलेली मागणी एकदाच येते," मी म्हणालो. "सगळ्यांनी पाट्या बदलल्या की पुढं काय? आधी प्रकल्प अहवाल तयार कर, मग बोलू." पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मी तुमचा कर्जदार आहे का पुतण्या?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. नकारामागचे खरे कारण वेगळेच होते आणि ते मी घरात कधी बोललो नव्हतो. नोकरीत असताना एका तालुक्याच्या शाखेत मी एका होतकरू तरुणाला यंत्रासाठी कर्ज मंजूर केले होते. कागदपत्रे चोख होती, पहिली मागणीही हातात होती. पण सगळा पैसा यंत्रात गेला. कच्चा माल आणायला आणि गिऱ्हाइकाची उधारी सोसायला त्याच्याकडे काहीच उरले नाही. दीड वर्षात खाते थकले. वसुलीच्या नोटिशीवर सही माझीच होती. यंत्र उचलून नेले, त्या दिवशी त्याने बँकेच्या माणसांना चहा पाजला. वरिष्ठांनी मला दोष दिला नाही. परंतु यंत्राला पैसे देताना धंद्याला पैसे द्यायचे राहून गेले, ही चूक त्याच्याइतकीच माझीही होती. खेळत्या भांडवलाचा धडा मी एम.कॉम.च्या पुस्तकात वाचला होता. तो कळला मात्र त्या चहाच्या कपाने.

दोन दिवसांनी मी स्वतः पुतण्याकडे गेलो आणि त्याला हे सारे सांगितले. वहिनी आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे आधीच सांगायचं होतं. आम्हाला वाटलं, तुमचा पोरावर विश्वास नाही." मग आम्ही तिघांनी मिळून ठरवले. ठेव तूर्त मोडायची नाही, यंत्रही तूर्त घ्यायचे नाही. पुतण्याने गिऱ्हाइके मिळवायची, कापण्याचे काम बाहेरून जॉबवर्कने करून घ्यायचे आणि प्रत्येक कामाची नोंद वहीत करायची. कोणता माल, किती जाडीचा, अक्षर किती इंचांचे, कापण्याचे किती पैसे दिले आणि काम किती दिवस अडकून राहिले. यंत्राचा मासिक खर्च जेवढा येईल, त्याहून कापण्याचे बिल लागोपाठ तीन महिने जास्त आले, तरच यंत्राचा विचार करायचा.

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत पुतण्याला एक अनुभवी मिस्त्री भेटले. त्यांच्याकडे लेसर आणि राउटर अशी दोन्ही यंत्रे होती. त्यांच्या गाळ्यात बसून मी या वयात पुन्हा विद्यार्थी झालो. जे शिकलो ते या धंद्यात उतरू पाहणाऱ्या आपल्या मुलांना उपयोगी पडेल, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या लहान कटरने माल कोरत जाणारे यंत्र. ते अ‍ॅक्रिलिक कापते, लाकूड, सनबोर्ड आणि पाटीच्या मागे लावतात ते अ‍ॅल्युमिनियमचे एसीपी पत्रेही कापते. पण कटर गोल असल्याने आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही. कटर ३ मिमीचा असेल तर कोपऱ्याला दीड मिमी त्रिज्येची गोलाई राहतेच. मोठ्या अक्षरात ती नजरेत येत नाही. दोन इंचांच्या 'ज्ञ'ची गाठ मात्र त्यात बुजून जाते. शिवाय कडा धुरकट येते, ती ज्योतीने किंवा घासून चकचकीत करावी लागते.

लेसरमध्ये हत्यार मालाला टेकतच नाही. कार्बन डायऑक्साइडच्या नळीतून निघणारा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण अ‍ॅक्रिलिकमध्ये पूर्ण शोषला जातो, त्या रेषेवरचा माल वितळून वाफ होतो आणि कडा काचेसारखी निघते. कापाची रुंदी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते, त्यामुळे बारीक जोडाक्षरेही स्वच्छ येतात. स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या डायोड लेसरचा किरण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो आणि धातू कापणारा फायबर लेसरही या कामाचा नाही. 'लेसर' एवढाच शब्द ऐकून यंत्र घेणारा येथेच फसतो.

या लेसरची एक गोष्ट मला वाचनात सापडली. कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली लावणारे डॉ. सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. आपल्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाच्या बुद्धीचे फळ जग फिरून अक्कलकोट रस्त्यावरच्या गाळ्यात आले, याचे मला मोठे अप्रूप वाटले. मिस्त्रींना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग काका, ह्याची नळी तरी बारामतीत स्वस्त मिळायला पाहिजे होती."

लेसरला मर्यादाही आहेत. एका दिवशी पुतण्याने सनबोर्डचा तुकडा पुढे केला, तेव्हा मिस्त्रींनी त्याचा हात धरला. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. तो लेसरखाली जळला की त्यातल्या क्लोरिनमुळे हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो छातीला घातक आणि यंत्रालाही घातक, आतले लोखंड गंजते, आरसे खराब होतात. त्याआधी एका विक्रेत्याने आम्हाला "ह्यावर सगळं कापतं" असे छातीठोकपणे सांगितले होते. त्या दिवसापासून 'सगळं' हा शब्द ऐकला की आम्ही दोघेही सावध होतो.

मालातही दोन जाती आहेत, साच्यात ओतून घडवलेले कास्ट आणि यंत्रातून दाबून काढलेले एक्सट्रूडेड. दुसरे स्वस्त, पण ते लवकर वितळते आणि खालच्या कडेला वितळलेल्या मालाची किनार राहते. लेसरवर कोरीव काम करायचे तर कास्टच हवे, त्यावरची कोरणी पांढरीशुभ्र उमटते. आणखी एक धडा आम्ही किंमत देऊन शिकलो. एका दवाखान्याची अक्षरे तयार झाल्यावर पुतण्याने ती थिनरने पुसली आणि काही वेळात कडांना केसासारखे तडे गेले. लेसरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि थिनर किंवा स्पिरिट लागले की तो असा उघडा पडतो. साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरेसे होते. ती सगळी अक्षरे पुन्हा करून द्यावी लागली. वहीत 'नुकसान' या सदराखाली ती पहिली नोंद.

पण सगळ्यांत मोठा धडा आपल्या लिपीने दिला. यंत्राच्या परीक्षेसाठी पुतण्याने बंधूंच्या दुकानाच्या नावातले दोन शब्द निवडले होते, 'वस्त्र भांडार'. संगणकावर ते सुबक दिसत होते. कापून आले ते तुकड्या-तुकड्यांत. टंकातील प्रत्येक अक्षराला स्वतःची शिरोरेषा असते आणि जोडावर त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. डोळ्यांना ती एकच रेघ दिसते, यंत्राला मात्र प्रत्येक अक्षराची वेगळी कड दिसते आणि ते तेथे कापते. अक्षरे आधी 'वेल्ड' करून एकसंध करावी लागतात, हे तेव्हा कळले. वर 'भांडार'वरचा अनुस्वार यंत्राच्या जाळीतून खाली पडला, तो शोधायला पुतण्या गुडघ्यावर बसला होता. अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटे निघतात, ते मोजून वेगळ्या पाकिटात ठेवायचे, हा नियम त्या दिवसापासून सुरू झाला. अक्षरांच्या घाटासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक विनामूल्य मिळतात, तेच आम्ही बहुतेक वापरतो.

वही मात्र नेमाने भरत होती. अ‍ॅक्रिलिक कापण्याचे डिसेंबरचे बिल ६,१०० रुपये, जानेवारीचे ९,४००, फेब्रुवारीचे १४,८०० आणि मार्चचे २१,३०० झाले. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत ते अनुक्रमे २६,९००, २८,२०० आणि २७,५०० रुपये आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात नुसत्या दुकानांच्या पाट्या नव्हत्या. दवाखान्यांच्या खोल्यांचे क्रमांक, शाळांचे फलक, सोसायट्यांतील नावांच्या पट्ट्या, स्मृतिचिन्हे, मंदिरातील दात्यांच्या नामावल्या अशी पुन्हा पुन्हा येणारी कामे होती. कायद्याची लाट ओसरली तरी हे काम राहणार होते. माझी पाडव्याची शंका वहीने दूर केली.

आता कोणते यंत्र, हा प्रश्न आला. राउटर मला आधीच बाजूला ठेवायचा होता. वहीतली बहुतेक अक्षरे १० मिमीपेक्षा पातळ अ‍ॅक्रिलिकची होती. एसीपी आणि सनबोर्डचे काम मिस्त्रींकडे जाऊ शकत होते. लेसर घ्यायचा हे ठरले आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे सर्वांत स्वस्त म्हणजे ६०० × ४०० मिमी टेबलाचे यंत्र सुचवले. "बहुतेक अक्षरं सहा-आठ इंचांचीच आहेत," मी वहीवर बोट ठेवून म्हणालो. "मग मोठं टेबल कशाला?"

पुतण्याने वही माझ्याकडे फिरवली. "काका, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी कापतात. आपला शब्द शिरोरेषेनं बांधलेला असतो. अक्षर सहा इंचांचं असलं तरी शब्द तीन फुटांचा होतो." त्याने नोंदी मोजून ठेवल्या होत्या. दर दहा मराठी शब्दांतले सहा-सात २४ इंचांपेक्षा लांब होते. लहान यंत्रावर त्यांचे दोन तुकडे करून जोडावे लागले असते आणि आतल्या एलईडीच्या उजेडात प्रत्येक जोड काळ्या रेघेसारखा दिसला असता. मी अक्षराचे माप घेत होतो, त्याने शब्दाचे माप घेतले होते. ३५ वर्षे ताळेबंद वाचूनही मी चुकलो होतो, हे मी तेथेच कबूल केले.

१३०० × ९०० मिमी टेबलाचे, १०० वॉटच्या नळीचे यंत्र निवडले. आठ बाय चार फुटांच्या पत्र्याचे तीन समान भाग केले की प्रत्येक १२२० × ८१३ मिमीचा भाग त्यावर नीट बसतो. विकत घेण्यापूर्वी पुण्यात तीन विक्रेत्यांकडे आम्ही आमचीच फाइल, आमचाच पत्रा आणि आमचेच घड्याळ घेऊन गेलो. त्यांच्या तयार नमुन्यांकडे पाहायचे नाही, असे ठरवले होते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, नळी गेली तर सोलापुरात माणूस किती दिवसांत येईल? काचेची नळी ही खर्ची पडणारी वस्तू आहे, तिची ताकद हळूहळू उतरत जाते. यंत्र १०,००० रुपयांनी स्वस्त मिळाले आणि आठ दिवस बंद पडले, तर ती बचत उरत नाही.

चिलर, धूर बाहेर टाकणारा पंखा आणि हवेचा पंप धरून किंमत ४,६०,००० रुपये झाली. सोलापूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना चिलरची गरज सांगायला नको. नळीभोवतीचे पाणी थंड राहिले नाही तर नळी तडकते. चांगले अर्थिंग करून घेतले. धुराचा वास शेजाऱ्यांना सोसावा लागू नये म्हणून घराऐवजी गाळा भाड्याने घेतला. अ‍ॅक्रिलिक पेट घेते, म्हणून यंत्र चालू असताना माणसाने जागा सोडायची नाही आणि अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवायचे, हा नियम भिंतीवर लिहून लावला आहे.

चौथा हिस्सा, म्हणजे १,१५,००० रुपये, स्वतःचे घातले. त्यांपैकी ५०,००० मी पुतण्याला हातउसने दिले आणि तशी नोंद वहीत करून त्याची सही घेतली. नात्यातला पैसा लिहून ठेवला की नातेही टिकते आणि पैसाही. उरलेले ३,४५,००० रुपये मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातून विनातारण मिळाले. साडेदहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ७,४०० रुपये बसला. त्यात वीज २,५००, नळी व भिंगे यांसाठी राखीव २,५००, गाळ्याचे भाडे ४,००० आणि मदतनिसाचा पगार ९,००० मिळवला की महिन्याचा खर्च २५,४०० रुपये होतो. म्हणजे वहीतल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या बिलांपेक्षा तो थोडाच कमी. नफा तेवढ्यात मोठा नव्हता. पण वेळ आपल्या हातात आली, वाया जाणारे तुकडे आपल्याकडे राहिले आणि त्यांतून नावाच्या पट्ट्या निघू लागल्या. जीएसटीचे १८ टक्के वेगळे भरावे लागले. नियमित नोंदणी असेल तर ते पुढे वजावटीत मिळतात, कंपोझिशनमध्ये असणाऱ्यांना मिळत नाहीत. खरेदीपूर्वी हे आपल्या कर सल्लागाराला अवश्य विचारावे. वजावट पुढे मिळणार असली तरी त्या दिवशी रक्कम खिशातूनच जाते.

जुलै २०२४ मध्ये यंत्र आले. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. दोन महिने काम मंद होते, तेव्हा राखीव रकमेने तारले. राउटर आम्ही अजून घेतलेला नाही. एसीपी आणि सनबोर्ड मिस्त्रींकडे जातो आणि त्यांच्या लेसरवर गर्दी झाली की त्यांचे अ‍ॅक्रिलिक आमच्याकडे येते. ज्यांना उद्या स्पर्धक म्हणावे लागले असते, त्यांच्याशी हा व्यवहार जुळला, याचे श्रेय त्या पहिल्या सात महिन्यांच्या चोख पैशांना आहे. पुतण्याने त्यांचे एकही बिल थकवले नव्हते.

आपल्या समाजातील अनेक घरांत आज हाच प्रसंग आहे. वडिलांचे दुकान पूर्वीसारखे चालत नाही, मुलगा काही नवे म्हणतो आणि घरातील थोरली माणसे एकतर ठेव मोडून देतात किंवा सरळ नकार देतात. मला वाटते, या दोहोंच्या मध्ये एक वही असते. ती सहा-सात महिने भरू द्यावी. मुलाला धंदा कळला आहे की नाही, हे तिच्यातून थोरल्यांना कळते. आणि आपण थोरले कोठे चुकतो आहोत, हेही तीच सांगते.

मागच्या महिन्यात वहिनींच्या ठेवीची मुदत संपली. पावती घेऊन त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, नूतनीकरणाचा फॉर्म भरून द्या." मी चष्मा लावून फॉर्म भरला. रकमेच्या रकान्यात पाच लाखच लिहिले. वारसाच्या रकान्यात पुतण्याचे नाव लिहिले आणि त्यांच्यापुढे सहीसाठी कागद सरकवला.